मोगऱ्याला बी नसतं



चैत्र लागला की आमच्या बीडमध्ये दोन गोष्टी एकाच आठवड्यात होतात. नळाच्या पाण्याच्या पाळ्या लांबतात आणि मोगरा फुलायला लागतो. कवितेतला वसंत गार वाऱ्याचा असतो. आमचा वसंत म्हणजे फाल्गुनात बालाघाटच्या डोंगरावर पेटलेला पळस, चैत्रात कडुनिंबाच्या फुलोऱ्याचा वास, दुपारी चटके देणारी फरशी आणि संध्याकाळी तिच्यावर पाणी मारलं की उठणारी वाफ. त्या वाफेत मोगऱ्याचा वास मिसळला की दिवसभर उन्हाला दिलेल्या शिव्या मी मुकाट्याने परत घेते.

अंगणातल्या या फुलांचा इतिहास लिहावा असं बरेच दिवस मनात होतं. इतिहास म्हटलं की आपण किल्ले आणि लढाया शोधतो. कुंडीतल्या रोपाला कोण विचारतं? पण माझ्या पंधरा बाय वीस फुटांच्या अंगणात निम्मं जग नांदतंय, आणि त्यातलं बरंचसं बायकांनी हातोहात इथवर आणलेलं आहे. सुरुवात मोगऱ्यापासूनच करते, कारण त्याची गोष्ट सगळ्यांत वेगळी आहे.

तुम्ही मोगऱ्याचं बी कधी पाहिलंय? गुलबक्षीचं बी काळ्या मिऱ्यासारखं असतं, झेंडूचं वाळल्या फुलातून चिमटीने निघतं, गोकर्णाची शेंग तडकते, सदाफुली तर न सांगता भिंतीच्या फटीतही उगवते. मोगऱ्याचं मात्र काही आठवायचं नाही. आपण घरी लावतो तो मोगरा, त्यातही दाट पाकळ्यांचा बटमोगरा, बी धरत नाही म्हटलं तरी चालेल. त्याची फांदी मातीत दाबावी लागते किंवा छाट कलम लावावं लागतं. तेव्हा कुठे दुसरं झाड होतं.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. बियाचं झाड हे आधीच्या झाडाचं लेकरू असतं. कलमाचं झाड हे लेकरू नव्हे, ते तेच झाड असतं, फक्त दुसऱ्या मातीत उभं राहिलेलं. माझ्या अंगणातला मोगरा सासूबाईंनी त्यांच्या माहेराहून, गेवराईकडून, ओल्या फडक्यात बांधून आणला होता. त्यांच्या आईने तो शेजारणीकडून घेतला होता. त्या शेजारणीलाही तो कोणीतरी दिलाच असणार, कारण तो आपला आपण उगवून येत नाही. मोगऱ्याचं मूळ घर हिमालयाच्या पायथ्याशी, पूर्वेकडच्या भागात मानतात. तिथपासून बीडपर्यंतच्या वाटेत एक जरी पिढी फांदी लावायला विसरली असती, तरी ही साखळी तुटली असती. ती तुटली नाही. राजघराण्यांच्या वंशावळीसुद्धा दत्तकाशिवाय एवढ्या लांब जात नाहीत.

त्याचं जुनं नाव मल्लिका. मोगरा हे नाव मुद्गर या शब्दावरून आलं असं सांगतात. मुद्गर म्हणजे व्यायामाचा मुगदल. टपोऱ्या बटमोगऱ्याची मिटलेली कळी देठासकट उलटी धरून पाहा, नाव कसं पडलं असेल ते लगेच दिसेल.

मल्लिका म्हटलं की आपल्याला एकोणिसावे तीर्थंकर आठवतात. आमच्या दिगंबर परंपरेत भगवान मल्लिनाथ, श्वेतांबर परंपरेत राजकन्या मल्ली. त्यावरचा वाद आज बाजूला ठेवू. मला आवडते ती त्यांच्या आईची गोष्ट. श्वेतांबर आगमांतल्या ज्ञाताधर्मकथेत ती आहे. मिथिलेच्या कुंभराजाची राणी प्रभावती गर्भवती असते. तिसऱ्या महिन्यात तिला डोहाळे लागतात, ते खाण्यापिण्याचे नाहीत. पाण्यात आणि जमिनीवर फुलणाऱ्या पाचही रंगांच्या फुलांच्या शय्येवर निजावं आणि फुलांच्या भरगच्च हाराचा वास घ्यावा, असे ते डोहाळे. देव फुलं आणून देतात, राणीची इच्छा पुरी होते. मालेच्या डोहाळ्यावरून लेकीचं नाव मल्ली ठेवतात.

त्या हारात कोणकोणती फुलं होती याची यादीच ग्रंथात दिली आहे. पाडळ, मल्लिका, चंपक, अशोक, पुन्नाग, आणि वासासाठी मरवा न् दवणासुद्धा. मी ती यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा अंगणात जाऊन एकेका झाडाशी ताडून पाहिली. मोगरा होता, सोनचाफा होता, कुंडीत मरवा होता. पण माझ्याकडचा झेंडू त्या यादीत नव्हता. निशिगंध नव्हता, गुलबक्षी नव्हती, सदाफुली नव्हती. नसायचीच. ती तेव्हा आपल्या देशात आलीच नव्हती.

ती कशी आली ते सांगतेच. पण त्याआधी आपल्याच भागात थोडं थांबू या. बीडच्या उत्तरेला गोदावरी, आणि गोदावरीकाठी पैठण, म्हणजे सातवाहनांचं प्रतिष्ठान. हाल सातवाहनाच्या नावावर असलेली गाथासप्तशती महाराष्ट्री प्राकृतात आहे, आपल्या मराठीच्या आजीच्या भाषेत. तिच्यात राजवाडे कमी आणि गावच्या बायका जास्त आहेत. पळस आहे, आंब्याचा मोहोर आहे, मालती आहे. पुढे बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांचा राजा सोमेश्वर तिसरा याने मानसोल्लास नावाचा ज्ञानकोश रचला. राजाने सुखं कशी भोगावीत याची त्यात यादी आहे, आणि त्या यादीत घर, स्नान, विडा यांच्या बरोबरीने माल्योपभोग, म्हणजे फुलांच्या माळा ल्यायचं सुख, हा स्वतंत्र विषय आहे. हे कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, बिदरकडचं. मराठवाड्याला अगदी लागून. मानसोल्लास वाचताना मला एवढंच जाणवलं की फुलं माळायची हौस बायकांची म्हणून उगाच चिडवतात. राजाने तिच्यावर प्रकरण लिहून ठेवलंय.

राजांच्या बागांचं पुढे काय झालं, याची गोष्ट आमच्या बीडच्या पाण्याशी जोडलेली आहे. खजाना बावडी तुम्ही पाहिली असेल. शहराबाहेर, सोलापूर रस्त्याच्या बाजूला. अहमदनगरच्या मुर्तझा निजामशाहाचा वजीर सलाबतखान याच्या काळात, १५८२ च्या सुमारास ती बांधली गेली. बांधकामाची जबाबदारी राजा भास्कर यांच्याकडे होती असं सांगतात. विहिरीत जमिनीखालच्या बोगद्यांतून पाणी येतं आणि एका बोगद्याने पुढे शहराकडे जातं, वाटेतल्या शेतामळ्यांना भिजवत. कितीही दुष्काळ पडो, ती आटत नाही अशी तिची ख्याती.

याच सलाबतखानाने अहमदनगरची फराहबाग १५८३ मध्ये पुरी केली. आपण तिला फऱ्याबाग म्हणतो. मोठ्या तलावाच्या मधोमध महाल आणि भोवती बाग, अशी ती रचना. मी नगरला गेले होते तेव्हा मुद्दाम पाहायला गेले. महालाच्या कमानी उभ्या आहेत, उंच घुमट आहे, आणि सगळीकडे रानगवत. तलाव कोरडा. निजामशाहीच्या वैभवातलं एकही फूल तिथे उरलेलं नाही. बीडची विहीर मात्र अजून आहे. एकाच माणसाने एका वर्षाच्या अंतराने पुऱ्या केलेल्या दोन गोष्टी: बाग गेली, पाणी राहिलं. तलावाला पाणी आणणारी व्यवस्था मोडली की बागेला किती दिवस लागणार जायला? परसातल्या बाईला हे पक्कं ठाऊक असतं. चार दिवस गावाला गेलं तरी शेजारणीला सांगून जावं लागतं.

निजामशाही, मग मोगल, मग १९४८ पर्यंत हैदराबादचे निजाम. या साडेचारशे वर्षांच्या खुणा आमच्या फुलांच्या नावांत शिल्लक आहेत. गुल म्हणजे फारसीत फूल. गुलाब म्हणजे खरं तर गुल-आब, फुलाचं पाणी. बाटलीतल्या पाण्याचं नाव आपण फुलालाच देऊन टाकलं, आणि मग पाण्याला गुलाबपाणी म्हणायला लागलो, म्हणजे फुलाचं पाणी-पाणी! गुलकंद, गुलछडी, गुलबक्षी, गुलदस्ता, सगळे एकाच घरचे. चैत्र-वैशाखात आम्ही गुलकंद करतो तो एडवर्ड गुलाबाचा, मध न घालता, नुसत्या खडीसाखरेत उन्हात मुरवलेला. हा एडवर्डही लांबून आलेला आहे. हिंदी महासागरात रियुनियन नावाचं बेट आहे, त्याला पूर्वी बूर्बों म्हणत. तिथे कुंपणाला लावलेल्या दोन जातींच्या गुलाबांचा आपोआप संकर होऊन एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही जात जगाला मिळाली. एका कुंपणाने केलेली ही कमाई.

आता झेंडूचं ऐका. झेंडूशिवाय दसरा होत नाही, दाराला तोरण लागत नाही, नव्या गाडीला हार पडत नाही. तो मूळचा मेक्सिकोकडचा. सोळाव्या शतकानंतर पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर अमेरिकेतली जी झाडंझुडपं गोव्याच्या आणि पश्चिम किनाऱ्याच्या बंदरांत उतरली, त्यांतला हा एक. मेक्सिकोत आजही मृतांच्या स्मरणाच्या सणाला घरोघर झेंडूच्या पाकळ्यांच्या वाटा घालतात. निशिगंधही मेक्सिकोचाच. गुलबक्षीही अमेरिकेकडचीच. सदाफुली आफ्रिकेजवळच्या मादागास्कर बेटाची. तिच्या पानांतून निघणारी औषधं १९६० च्या दशकापासून लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर वापरतात. ज्या फुलाला आपण फुकटचं म्हणून हारात सुद्धा घेत नाही, ते.

सगळ्यांत गंमत चाफ्याची. आपला खरा चाफा म्हणजे सोनचाफा, मल्लीच्या हारातला. पांढरा चाफा, ज्याला देवचाफा किंवा खुरचाफा म्हणतात, तोही अमेरिकेतूनच आलेला परका पाहुणा. दोन्ही झाडांचं एकमेकांशी काही नातं नाही. पण वास गोड, फूल टिकाऊ, फांदी तोडून नुसती जमिनीत खोचली तरी जगते. आपल्या लोकांनी त्याला चाफ्याचं आडनाव देऊन टाकलं आणि देवळाच्या आवारात उभं केलं. आज कोणी सांगितलं की देवळातला चाफा परदेशी आहे, तर पुजारी अंगावर येतील. बीडच्या डोंगरातलं सीताफळ असंच. आपल्या जिल्ह्याच्या नावाने त्याला भौगोलिक मानांकन मिळालंय, आपण पाहुण्यांना अभिमानाने देतो, आणि त्याचंही मूळ अमेरिकेत. मला याचं वाईट मुळीच वाटत नाही. सुनासुद्धा बाहेरूनच येतात आणि तीस वर्षांनी घर त्यांचंच असतं.

कुंपणावरच्या बोगनवेलीची गोष्ट खास तुमच्यासाठी. १७६६ मध्ये बूगँव्हिल नावाचा फ्रेंच दर्यावर्दी पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला. जहाजावर कॉमर्सों नावाचा वनस्पतींचा अभ्यासक होता आणि त्याचा एक मदतनीस. हा मदतनीस म्हणजे पुरुषाच्या वेषातली बाई होती, जान बारे. फ्रेंच आरमाराच्या जहाजावर बायकांना बंदी होती, म्हणून हा वेष. ती ओझी उचलायची, डोंगर चढायची, झाडं गोळा करून वाळवायची. ब्राझीलच्या किनाऱ्यावर रिओला या मंडळींना ही वेल मिळाली. नाव पडलं कप्तानाचं. बारे पुढे फ्रान्सला परतली, आणि पृथ्वीला फेरी घालणारी माहितीतली पहिली स्त्री ठरली. मी माझ्या नातीला ही वेल बोगनवेल म्हणून नाही, जानबाईची वेल म्हणून ओळखायला शिकवलीय.

ही सगळी बाहेरून आत आलेली. मोगरा मात्र आपल्याकडून बाहेर गेला. तो आज फिलिपिन्सचं राष्ट्रीय फूल आहे. चीनमध्ये चहाला त्याचा वास देतात. आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस तो गोव्याहून इटलीत पोचला. तिथल्या टस्कनी प्रांताचा ग्रँड ड्यूक, तिसरा कोसिमो, याला दाट पाकळ्यांच्या मोगऱ्याचं भारी वेड लागलं. इटालियनमध्ये त्याचं नाव मुगेरीनो, म्हणजे आपला मोगराच, जरा जीभ वळवून. ड्यूकने तो आपल्या बागेत पहाऱ्यात ठेवला आणि कोणालाही कलम देऊ नये असा हुकूम काढला, असं सांगतात. पुढची दंतकथा अशी की, एका तरुण माळ्याने आपल्या वाग्दत्त वधूला फुलांचा गुच्छ दिला, त्यात मोगऱ्याची एक डहाळी होती. ती पोरगी शहाणी. वास घेऊन टाकून न देता तिने डहाळी मातीत खोचली. ती फुटली, वाढली, आणि कलमं विकून दोघांनी संसार उभा केला.

दंतकथाच ती, खरी-खोटी देव जाणे. पण तीत एक गोष्ट तंतोतंत खरी आहे. मोगरा पहाऱ्यात राहत नाही. त्याला बी नाही, तेव्हा त्याला जगायचं तर कोणीतरी कोणाला तरी द्यावाच लागतो.

आता आपल्या घरातल्या नाजूक प्रश्नाकडे येते. फूल लावावं, वाढवावं, हे ठीक. तोडावं का?

वनस्पती एकेंद्रिय जीव आहे, तिला फक्त स्पर्शाचं इंद्रिय आहे, हे आपण लहानपणीच पाठ करतो. आचारांग सूत्रात माणूस आणि झाड यांची तुलना केली आहे: दोघंही जन्मतात, वाढतात, कापलं की कोमेजतात. पण याच धर्मात पुष्पपूजाही आहे. अष्टद्रव्यांत पुष्प आहे. गुजरातचा राजा कुमारपाल, हेमचंद्राचार्यांचा शिष्य, याची कथा तुम्हाला माहीत असेल. मागच्या जन्मी त्याने जवळच्या अवघ्या पाच कवड्यांची अठरा फुलं घेऊन भगवंताला वाहिली, आणि त्या पुण्याने अठरा देशांचा राजा झाला. पर्युषणात ही कथा ऐकताना माझ्या मनात नेहमी येतं, ती फुलं ज्याने विकली त्या माळ्याला काय मिळालं?

सतराव्या शतकात दिगंबरांमध्ये यावर मोठा खल झाला. आग्रा आणि जयपूरकडच्या तेरापंथी मंडळींनी पूजेत सचित्त फूल नको असं ठरवलं आणि केशरात रंगवलेले तांदूळ पुष्प म्हणून वाहायला सुरुवात केली. बीसपंथी परंपरेने फूल ठेवलं. आम्ही सैतवाळ, लातूरच्या भट्टारक गादीला मानणारे. आमच्याकडे फूल आहे. समोरच्या काकीजी मारवाडी, स्थानकवासी. त्यांच्याकडे मूर्तीच नाही, तेव्हा वाहायचा प्रश्नच नाही. कोपऱ्यावरच्या खंडेलवालांकडे केशरी तांदूळ. एका गल्लीत तीन तऱ्हा, आणि तिन्ही घरांच्या अंगणात मोगरा एकाच झाडाचा! काकीजींचं कलम आमच्याकडून गेलंय आणि खंडेलवाल वहिनींचं काकीजींकडून. पंथ वेगळे झाले, मोगरा झाला नाही.

सासूबाईंनी आपल्यापुरते नियम घालून घेतले होते. अष्टमी-चतुर्दशीला फूल तोडायचं नाही. कळी कधीच तोडायची नाही. मोगऱ्याखाली पहाटे जुनं धुतलेलं धोतर अंथरायचं आणि जी आपोआप गळतील ती वेचायची. हार सुईने ओवायचा नाही, दोऱ्याच्या गाठीत गुंफायचा. आणि निशिगंध लावायचा नाही. मी नवी नवरी असताना हौसेने म्हटलं होतं, "आत्याबाई, गुलछडी लावू या ना, वास किती छान येतो."

"अगं, कांदे असतात तिचे," त्या म्हणाल्या. "दर दोन-तीन वर्षांनी उकरून वेगळे करावे लागतात. कांदा तोंडात नको म्हणून पाळतो आणि हौसेसाठी माती उकरून काढायचा? तुला वाटलं तर लाव बाई. मी काही म्हणणार नाही. पण उकरायला मला बोलवू नकोस."

मी लावला नाही. अजूनही लावलेला नाही. माझी बहीण लावते, तिच्याकडे गेले की वास घेऊन येते.

वाचणाऱ्यांपैकी काही जणी म्हणतील, इतका विचार करायचा तर बागच कशाला? मला नेमकं उलट वाटतं. विकत आणलेल्या हाराचा विचार कोणी करत नाही. तो दोराही तसाच आणि फुलंही तशीच, दुसऱ्या दिवशी कचऱ्यात. पण ज्या झाडाची पौषात छाटणी केली, पानं ओरबाडून त्याला ताण दिला, मग शेणखत घालून महिनाभर नुसत्या काड्यांकडे बघत बसलो, त्याची पहिली कळी दिसली की हात आपोआप मागे राहतो. अहिंसेचं प्रवचन मी पुष्कळ ऐकलंय. हात मागे घ्यायला मला मोगऱ्याने शिकवलं.

आणि खरा प्रश्न तोडण्याचा नाहीच, पाण्याचा आहे. बीड जिल्ह्यात राहून फुलझाडांना पाणी घालायचं हे सरळ काम नव्हे. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास इथून ऊसतोडीला ट्रक भरून माणसं जातात, कारण शेतात पाणी नाही. ती परत येतात तेव्हा नेमका मोगरा फुललेला असतो. १९७२ च्या दुष्काळात सासूबाई पस्तिशीच्या होत्या. रोजगार हमीच्या खडी फोडण्याच्या कामावर बायांच्या रांगा लागलेल्या, वाड्याच्या आडाला तळ दिसायला लागलेला. त्यांच्या सासऱ्यांनी सांगितलं, झाडांना एक थेंब नाही. सासूबाईंनी ते पाळलं. आडाचा एक थेंब घातला नाही. तांदूळ धुतलेलं, डाळ धुतलेलं, हात धुतलेलं, मुलांना आंघोळ घातलेलं पाणी परातीत धरलं आणि सगळं एका झाडाला घातलं. बाकीची झाडं गेली. गुलाब गेला, शेवंती गेली, जाई गेली. मोगरा राहिला. त्यांनी मोगराच का निवडला, हे मी एकदा विचारलं होतं.

"बाकीच्यांचं बी मिळेल, नाहीतर बाजारात रोप मिळेल," त्या म्हणाल्या. "हा माझ्या आईचा होता."

पाणी गाळून प्यायचं, गाळण्यातला जीव पुन्हा त्याच आडात सोडायचा, आंघोळ एका बादलीत उरकायची, पाणी तुपासारखं वापरायचं, हे आपल्या घरांत धर्म म्हणून शिकवलं गेलं. दुष्काळात त्याचा हिशोब जुळला. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा आमच्या गल्लीतही टँकरची वाट बघत बायका बसायच्या. त्या वर्षी मीही सगळ्या कुंड्या सोडून दिल्या. मोगऱ्याला भांड्यांचं पाणी घातलं, राखेने घासलेल्या भांड्यांचं, म्हणजे साबण जाऊ नये. एक दिवस टँकरच्या रांगेतली एक बाई दाराशी थांबली. उसाहून नुकतीच परतलेली, हाताला कोयत्याचे घट्टे. मला वाटलं, आता ही म्हणणार, आम्हाला प्यायला नाही आणि तुम्ही फुलांना घालता. ती म्हणाली, "ताई, ह्याची फांदी देता का? माझ्या मायच्या दारात होता."

मी म्हटलं, पाऊस पडू दे, मग ये. आत्ता लावलीस तर जळेल.

ती मृगात आली. तोवर मी तिच्यासाठी फांदी दाबून ठेवली होती. तिलाही सांगितलं आणि तुम्हालाही सांगते, कारण हे पुस्तकात वाचून जमत नाही. जमिनीलगतची, पेन्सिलीइतकी जाड, लवचीक फांदी निवडा. एका डोळ्याखाली सालीला तिरका काप घ्या, फार खोल नाही. तो काप मातीत येईल अशी फांदी वाकवून दाबा, वर मूठभर शेणखत आणि एक चपटा दगड ठेवा. शेंडा मातीबाहेर वर राहिला पाहिजे. माती ओलसर ठेवा, चिखल नको. दीड-दोन महिन्यांत मुळ्या फुटतात. घाई करून ओढून बघू नका. शेंड्याला नवी पालवी दिसली की मूळच्या झाडाकडची बाजू कापा, आणि तरी आठ दिवस तिथेच राहू द्या. मग मातीच्या गोळ्यासकट उचलून ओल्या फडक्यात बांधायचं.

यंदा तीन फांद्या दाबल्यात. एक पुण्याला लेकीकडे जाणार आहे, तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत. एक मंदिराच्या आवारासाठी. तिसरी अजून कोणाची ठरलेली नाही. बीडात असाल तर पाऊस पडल्यावर या, येताना ओलं फडकं तेवढं आणा.